तारेशेजारचा दात

कवळी टेबलावर उतरवून ठेवली की तिच्यावरून घरची मोरी कळते, असं कऱ्हाडच्या एक दंतवैद्यबाई म्हणतात. गुलाबी ॲक्रिलिकवर एकाच दिशेनं गेलेल्या बारीक रेघा दिसल्या की समजायचं, मंजन किंवा राखुंडी. तार काळवंडलेली असली की ब्लीचचं पाणी. पट्टी टाळूवर नीट बसत नाही, एका अंगानं उचलते, म्हणजे तिला कुणीतरी उकळत्या पाण्यातून काढलंय. आणि पट्टी लख्ख आहे, पण तिच्या तारेनं धरलेला खरा दात हिरडीलगत तपकिरी पडलाय, असं असेल तर माणूस शिस्तीचा, टापटिपीचा आणि कवळीला जिवापाड जपणारा आहे हे ओळखावं. बाईंना सगळ्यात जास्त काळजी याच शेवटच्या प्रकारच्या माणसाची वाटते.

पूर्ण कवळीवाल्याकडे गमावण्यासारखा दातच उरलेला नसतो. अर्ध्या कवळीवाल्याचं तसं नाही. त्याचे चार गेलेले असतात, आठ गेलेले असतात, पण बाकीचे अजून उभे असतात आणि कवळी त्यांच्याच जिवावर तोंडात टिकते. आपल्याकडे सर्रास बसवली जाते ती ॲक्रिलिकची पट्टी आणि तिला वाकवून बसवलेल्या स्टीलच्या तारा. जरा खर्च करणारे कोबाल्ट-क्रोमची ओतीव पट्टी घेतात. हल्ली नायलॉनची लवचिक कवळीही बरेच जण मागतात, तिच्यात तार दिसत नाही म्हणून. प्रकार कुठलाही असो, आकडी खऱ्या दाताला कवटाळून बसते. जिथं ती टेकते तिथं जीभ पोचत नाही, गाल घासत नाही, लाळेचा प्रवाह नीट फिरत नाही. भाकरीचा कण, शेंगदाण्याच्या कुटाचा चोथा तिथं अडकला की माणूस स्वतःहून काढेपर्यंत तिथंच राहतो.

त्यातही एक जागा अशी आहे की तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. दात पडून जी खिंड झालेली असते, तिच्याकडे तोंड केलेली शेजारच्या दाताची बाजू. पूर्वी तिथं दुसरा दात होता, त्यामुळं ब्रश तिथं न्यायची हाताला सवयच नाही. नेहमीसारखा ब्रश बाहेरून फिरवला, आतून फिरवला, वरून फिरवला, तरी खिंडीकडची भिंत कोरडीच राहते. कवळीची पट्टी नेमकी तिलाच चिकटून बसते.

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर बाईंकडे येतात. वरच्या डाव्या बाजूचे सलग तीन दात नाहीत. कवळीसाठी प्रवासात नेतात तसली साबणाची डबी त्यांनी वेगळी ठेवलीय. जेवण झालं की उठणार, मोरीवर जाणार, कवळी काढून चोळचोळून धुणार, पुन्हा तोंडात घालणार. नेमात खंड नाही. तरी तारेखालची दाढ किडली आणि रूट कॅनॉलपर्यंत पाळी आली. बाईंनी विचारलं, “काका, दात कधी घासता?”

“कवळी धुतली की लगेच.”

“घालून?”

“मग! सगळं एकदमच होतंय की.”

म्हणजे दाढेवर ब्रश फिरत होता तो तारेच्या वरून. दाढ स्वतः झाकलेलीच. काकांच्या कष्टात काही कमी नव्हतं, फक्त ते पैसे मोजून आणलेल्या दातांच्या वाट्याला गेले होते. फुकट मिळालेले तसेच राहिले. बाईंच्या मते अर्ध्या कवळीच्या स्वच्छतेतली निम्मी गडबड इथंच आहे: लोक ‘कवळी साफ करायची’ एवढंच ऐकून घरी जातात आणि ते काम चोख करतात.

ही गोष्ट एकट्या कऱ्हाडची नाही. स्कँडिनेव्हियात १९६० च्या दशकात झालेल्या पाहण्यांत अर्धी कवळी वापरणाऱ्यांच्या उरलेल्या दातांना जास्त कीड लागते, त्यांच्या हिरड्या बिघडतात, असं दिसलं होतं. कवळी बसवणं म्हणजे राहिलेल्या दातांवरही पाणी सोडणं, असाच त्याचा अर्थ लावता आला असता. पुढं १९८२ मध्ये स्वीडनमधल्या बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. पेशंट मोजकेच होते, पण त्यांना नियमानं बोलावून तपासलं गेलं, साफसफाई नीट शिकवली गेली, गरज पडली तिथं दुरुस्ती झाली. त्यांच्या उरलेल्या दातांची हालत जवळपास होती तशीच राहिली. म्हणजे दोष तारेचा एकटीचा नव्हे. बाईंनी कॉलेजात हे सगळं परीक्षेपुरतं वाचलं होतं; दवाखान्यात बसल्यावर ते रोज समोर येऊन बसू लागलं.

कवळी कशानं धुता, या प्रश्नाची उत्तरं मात्र ऐकण्यासारखी असतात. गोवरीची राखुंडी आहे, गेरू घातलेलं लाल मंजन आहे, काळं मंजन आहे, मीठ आहे, खाण्याचा सोडा आहे. एका आजींनी नारळाची शेंडी आणि चुलीतली राख असं उत्तर दिलं, आणि भांडी कशी झळझळीत निघतात तेही सांगितलं. अडचण अशी की ॲक्रिलिक हे दाताच्या वरच्या आवरणापेक्षा पुष्कळ मऊ असतं. १९३७ च्या सुमारास हे प्लॅस्टिक दंतवैद्यकात आलं आणि त्यानं व्हल्कनाइट नावाच्या टणक, काळपट-लाल रबराला हुसकावून लावलं, कारण ते हिरडीसारखं दिसतं, हलकं असतं, घडवायला सोपं जातं. पण राखेपुढं त्याचा निभाव लागत नाही. चरे पडतात, चऱ्यांत चहाचा आणि काथाचा रंग बसतो, मग तो रंग घालवायला माणूस आणखी जोरात घासतो. चऱ्यांत रंगाबरोबर बुरशीही बसते, ती दिसत नाही एवढंच. साध्या टूथपेस्टमध्येही घासायची पूड असतेच, त्यामुळं पेस्ट दातांना आणि कवळीला दुसरं काहीतरी.

दुसरं काहीतरी म्हणजे भांडी घासायचा पातळ साबण. दोन थेंब, मऊ ब्रश, साधं पाणी. खाली तसराळ्यात पाणी भरून ठेवायचं किंवा टॉवेल अंथरायचा, म्हणजे हातातून सुटली तरी फुटत नाही; मोरीच्या फरशीवर पडलेल्या कवळ्यांचे तुकडे रुमालात बांधून आणणारे महिन्याला कुणी ना कुणी असतंच, आणि दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत तर जास्तच, त्यात चकलीचाही हात असतो. हा साबणाचा सल्ला लोकांच्या पचनी पडत नाही. “भांड्याचा साबण तोंडात?” असं म्हणून चेहरा वाकडा करतात. ज्या ताटात जेवतात ते कशानं घासलेलं असतं, हे बाई मग हळूच विचारतात.

गरम पाण्याचा मोह सुनांना जास्त. बाळाच्या बाटल्या उकळून घेतात तशी सासूबाईंची कवळीही उकळायची, हेतू चांगलाच. पण ॲक्रिलिक उकळत्या पाण्यात वाकडं होतं आणि एकदा वाकडं झालेलं पुन्हा सरळ होत नाही. ब्लीचचं तसंच. पूर्ण कवळ्यांच्या निगेबद्दल अमेरिकेतल्या प्रॉस्थोडॉन्टिस्टांच्या संस्थेनं २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या; त्यांत कवळी कधीही उकळू नये आणि ब्लीचमध्ये दहा मिनिटांहून जास्त ठेवू नये असं आहे. पूर्ण कवळीला धातू नसतो, म्हणून ती दहा मिनिटांची तरी सवलत. तारेच्या कवळीला तीही नको. सोडियम हायपोक्लोराइट तारेला खातं, आणि कोबाल्ट-क्रोमच्या महागड्या पट्टीलाही. बुडबुडे येणाऱ्या गोळ्या आता कऱ्हाडच्या मेडिकलमध्ये मिळतात. त्या देताना बाई दोनदा बजावतात की ही गोळी पाण्यात टाकायची, तोंडात नाही, कारण दवाखान्यातून मिळालेली गोळी गिळायची हाच आपल्याकडचा रिवाज. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनालाही २००८ मध्ये या गोळ्यांच्या वेष्टनावरचा इशारा बदलायला लावावा लागला होता, त्यातल्या परसल्फेटची काहींना तीव्र ॲलर्जी येते म्हणून आणि लोक त्या भलत्याच रीतीनं वापरतात म्हणूनही.

दंतवैद्यानं पेशंटला कवळीवरून बोलणं ऐकवावं ही परंपरा जुनी आहे. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात शिल्लक होता. त्यांचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी खालच्या कवळीला त्या एका दातासाठी भोक ठेवलं होतं. पुढं तोही गेला. १७९८ च्या डिसेंबरात ग्रीनवुडनी त्यांना लिहिलेलं एक पत्र आहे: कवळी फार काळी पडलीय, तुम्ही ती पोर्ट वाइनमध्ये भिजवता किंवा ती वाइन पिता म्हणून, जेवणानंतर काढून स्वच्छ पाण्यात ठेवा, नाहीतर ब्रश आणि खडूच्या पुडीनं घासा. खडूची पूड सोडली तर बाकी पत्र आज कऱ्हाडातून धाडलं तरी चालेल, फक्त वाइनच्या जागी चहा लिहायचा.

मिश्रीचं प्रकरण वेगळं आणि तिथं विनोद चालत नाही. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे. पण तव्यावर तंबाखू भाजून घरीच कुटलेल्या मिश्रीला कोण अडवणार? खटाव-माणकडच्या बायका सकाळी उठल्या की बोटावर मिश्री घेऊन उंबऱ्याशी बसतात. ज्यांना कवळी आहे त्या ती घालूनच लावतात. मग पट्टीखाली गेलेली पूड तिथंच दबून राहते आणि तंबाखू तासन् तास एकाच जागी हिरडीला, टाळूला लागून बसते. बाई अशा वेळी ब्रशची गोष्ट काढत नाहीत. कवळी उतरवतात, खालची जागा बॅटरीच्या उजेडात बघतात, पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम आहे का ते पाहतात. चट्टा दिसला की पुढं पाठवायचं, त्यात वेळ घालवायचा नाही. “सोडा” म्हटल्यानं मिश्री सुटत नाही हे त्यांना माहीत आहे. निदान मिश्रीच्या वेळी कवळी बाहेर ठेवा आणि चुळा भरून मग घाला, इतकं तरी पदरात पाडून घेतात.

आता लाजेबद्दल. चाळिशीच्या आतबाहेरच्या एक बाई यायच्या. पुढचा एक दात मुलगी असताना पडल्यामुळं गेलेला, लग्नाच्या आधीपासून छोटी पट्टी. सासरी कुणाला पत्ता नाही, नवऱ्यालाही नाही. त्यामुळं पट्टी धुतली जायची ती न्हाणीघराची कडी लावून, दोन मिनिटांत, आणि रात्री काढायचा प्रश्नच नव्हता. टाळूला बघितलं तर पट्टीच्या बाह्यरेषेबरहुकूम लालभडक आकृती. दुखत काहीच नव्हतं. कँडिडा नावाच्या बुरशीचं हे नेहमीचं वागणं आहे: पट्टीखालच्या दमट, झाकलेल्या जागेत ती वाढते, कातडी लाल करते, आणि बहुतेक वेळा ठणकत नाही म्हणून माणूस येतच नाही. शुगर असली, तोंड कोरडं पाडणारी औषधं चालू असली, तर आणखीच फावतं. तिच्यावर औषध आहे, पण कवळी चोवीस तास तोंडात राहिली तर ती पुन्हा येते.

“रात्री काढून ठेवा” हे वाक्य बोलणं सोपं. ती म्हणाली, “मॅडम, रात्री कशी काढू?” बाईंनी पुस्तक बाजूला ठेवलं. दुपारी घरात कोण असतं? कुणी नाही, मुलं शाळेत, सासूबाई वामकुक्षीला. मग जेवण आवरलं की दुपारी काढायची, पाण्यात ठेवायची, चहाच्या वेळेला घालायची. बुरशीला रात्र आणि दुपार यांतला फरक कळत नाही. टाळू निवळली. याच दंतवैद्यबाई ऐंशीच्या पुढच्या पेशंटबद्दल मात्र अजिबात ऐकून घेत नाहीत, आणि त्याला कारण आहे. २०१५ मध्ये जपानमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टोकियोतल्या ८५ वर्षं आणि त्यापुढच्या ५२४ वृद्धांना तीन वर्षं पाहिलं. कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका काढून झोपणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. म्हाताऱ्या माणसाच्या घशात झोपेत लाळ थोडीथोडी उतरत असते आणि लाळेबरोबर कवळीवरचे जंतू. तिथं लाजेची सबब चालवून घ्यायची नाही असा बाईंचा खाक्या आहे.

पण काढून ठेवायची कशात? घरोघरचे तंटे इथं सुरू होतात. कवळी स्टीलच्या वाटीत ठेवली की ती वाटी सकाळी घासायच्या भांड्यांत जाते, तिथून मांडणीवर, तिथून नातवाच्या आमटीत. सून बोलत नाही, पण वाटी धुताना आदळते. सासऱ्यांना कळतं. ते मग कवळी तोंडातच ठेवून झोपतात. काही वेळा पेल्यातलं पाणी कुणीतरी न बघता मोरीत ओततं आणि कवळी गटारात. झाकणाचा रंगीत प्लॅस्टिकचा डबा, किंमत किरकोळ, हे यावरचं उत्तर. बाई आता तो कवळीबरोबरच देतात आणि तो स्वयंपाकघरात न्यायचा नाही, असं सुनेच्या देखत सांगतात. सांगताना सुनेकडे न बघता सासऱ्यांकडे बघतात.

आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, तेव्हा लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेवर वारकऱ्यांसाठी तपासणी शिबिरं लागतात. बाई तिथं जाऊन बसतात. कवळ्या निघतात त्या धोतराच्या कनवटीतून, पिशवीतल्या फडक्यातून, चुन्याच्या डबीशेजारून. कोरड्या पडलेल्या. ॲक्रिलिक पाणी शोषून असतं, ते वाळलं की बसण्यात फरक पडतो, मग टोचतं, मग माणूस ती आणखी दिवसभर खिशातच ठेवतो आणि हिरड्यांनी भाकरी चावतो. बाई म्हणतात, “माउली, रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून डबीत ठेवा.” एका माउलींनी उलट विचारलं, “डबी गर्दीत गेली तर पंढरपुरात काय खाऊ?” यावर बाईंकडे उत्तर नव्हतं. वारीपुरतं घालून झोपा, पण टँकरवर तोंड धुताना काढून चूळ भरा, असं ठरलं.

बाजारात बसून दात लावणाऱ्यांचा एक वर्ग अजून आहे. आठवडी बाजारात, जत्रेत, मोठ्या शहरांत पुलाखाली. तिथं तोंडातच घट्ट होणारं ॲक्रिलिक घेऊन, तारेनं शेजारच्या दातांना बांधून, अर्ध्या तासात दात मिळतो. दिसायला बरा, किमतीला स्वस्त. पण तो काढता येत नाही. काढता न येणारी काढता-घालता येणारी कवळी! ती धुवायची कशी? काही महिन्यांत तारेनं बांधलेले दोन्ही दात हलायला लागतात आणि पेशंट दवाखान्यात येतो तेव्हा एका दाताच्या खिंडीची तीन दातांची झालेली असते. अशा माणसावर चिडण्यात अर्थ नाही असं बाईंना वाटतं. त्यानं आपल्या ऐपतीत जे मिळालं ते घेतलं. चीड त्यांना येते ती पदवी घेतलेल्यांची, जे कवळी बसवतात आणि ती साफ करायची रीत दाखवायला पाच मिनिटं काढत नाहीत.

छोट्या कवळीचा आणखी एक धोका निगेशीच जोडलेला आहे. सैल झालेली, तार तुटलेली एक-दोन दातांची पट्टी लोक तशीच वापरतात. रोज काढून धुणाऱ्याला ती सैल झाल्याचं कळतं, न काढणाऱ्याला कळत नाही. ती गिळली गेली तर एक्स-रेवर ॲक्रिलिक दिसतच नाही, दिसली तर तार तेवढी. २०१९ मध्ये बीएमजे केस रिपोर्ट्समध्ये इंग्लंडातल्या ७२ वर्षांच्या एका गृहस्थांची हकीकत आली. पोटावरची साधी गाठ काढायच्या ऑपरेशनला ते तीन दातांची, धातूच्या पट्टीची कवळी घालूनच गेले. सहा दिवसांनी तोंडातून रक्त, गिळायला त्रास. आधी जंतुसंसर्ग समजून औषधं दिली गेली. दोन दिवसांनी घशात कवळी दिसली. ऑपरेशनच्या वेळी हरवली असं त्यांनी धरून ठेवलं होतं. तेव्हापासून बाईंनी एक नेम केलाय: कवळी देताना घरातल्या एका माणसाला ती दाखवायचीच. दवाखान्यात ॲडमिट करायची वेळ आली तर सांगणारं कुणीतरी हवं. ज्या बाईंच्या नवऱ्याला माहीत नव्हतं, त्यांनी बहिणीला आणलं.

शिकवायची रीतही हळूहळू बदलली. पूर्वी छापील कागद द्यायच्या. तो घडी घालून पर्समध्ये जायचा. आता कवळी काढायला लावतात, तिच्यावर आणि उरलेल्या दातांवर गुलाबी रंगाचं द्रावण लावतात. जिथं चिकट थर असेल तिथं रंग धरतो. मग पेशंटच्या हातात आरसा. रंग जवळजवळ ठरलेल्या जागी निघतो: तारेची आतली बाजू, खालच्या पुढच्या दातांच्या मागं आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या अंगाला, जिथं लाळेच्या नळ्या उघडतात आणि म्हणून कीटही आधी तिथंच चढतं, आणि अर्थातच खिंडीकडची ती भिंत. तिथं नेहमीचा ब्रश नीट जात नाही, त्याला छोट्या झुपक्याचा ब्रश लागतो, किंवा गॉजची पट्टी दाताला गुंडाळून मागंपुढं ओढायची. रंग निघेपर्यंत पेशंटनं स्वतः घासायचं, बाईंनी हात लावायचा नाही. पहिल्यांदा बहुतेक जण कवळीवरचा रंग काढून आरसा खाली ठेवतात.

राहता राहिला पुन्हा येण्याचा प्रश्न. दुखत नसेल तर आपल्याकडं दंतवैद्याकडं कुणी जात नाही. फोन केले, मेसेज केले, कॅलेंडरवर तारखा लिहून दिल्या, फारसा उपयोग झाला नाही. शेवटी बाईंनी पहिल्या वर्षातल्या दोन तपासण्यांचे पैसे कवळीच्या किमतीतच धरायला सुरुवात केली आणि पावतीवर तसं लिहून द्यायला लागल्या. लोक यायला लागले. संक्रांतीनंतर ओगलेवाडीकडच्या एक मावशी आल्या, खुर्चीत बसत म्हणाल्या, “दुखत-बिखत काय नाय बगा, पर पैसं भरल्यात न्हवं?” कवळी स्वच्छ होती. तारेखालच्या दाढेवर खडूसारखा पांढुरका डाग होता, कीड नुकतीच धरू लागलेली. ड्रिल लागलं नाही. फ्लोराइडचं व्हार्निश लावून, तासभर काही खायचं-प्यायचं नाही असं सांगून बाईंनी त्यांना तीन महिन्यांनंतरची तारीख दिली. ती तपासणी फुकट आहे का, हे मावशींनी जाताना काउंटरवर विचारून घेतलं.